अठरा दिवस लागलेला दिवा: सिएनाची हिवाळी चाकं आणि ग्रँड रिव्हरवरचं गॅरेज

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. आमच्या टोयोटा सिएनाला (२०१५, एलई) हिवाळ्यासाठी वेगळ्या रिमसकट नवी चाकं बसवली, आणि टायरच्या हवेचा दिवा (चाकांतल्या सेन्सरवरून हवा कमी झाल्याचं सांगणारा) विझायला अठरा दिवस लागले. चाकं बसवणाऱ्या मोठ्या दुकानाला टायरच्या कामाचे पाचपैकी तीन, सेन्सरच्या कामाचा शून्य. ज्या छोट्या गॅरेजात शेवटी सव्वादोन तासांत काम झालं त्याला पाचपैकी पाच. तिथे बसवलेल्या ऑटेलच्या एमएक्स-सेन्सरना साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. आधीची तीन वर्षं कंपनीच्या ऑल-सीझन टायरवरच काढली होती. फेब्रुवारीत शाळेजवळच्या उतारावर ब्रेक दाबलेला असूनही गाडी पंधरा-वीस फूट घसरत गेली, मागच्या सीटवर दोन्ही पोरं होती. पुढे काही नव्हतं म्हणून निभावलं. त्याच दिवशी ठरवलं की पुढच्या हिवाळ्याआधी स्नो टायर घ्यायचे, ज्यांच्या कडेला तीन शिखरं आणि मध्ये हिमकण अशी खूण असते ते. तापमान सात अंश सेल्सियसच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होत जातं, आणि आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च सरासरी तापमान त्याच्या खालीच असतं.

वेगळ्या रिम घ्यायचा निर्णय हिशेबाचा होता. एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर उतरवायचे-चढवायचे म्हणजे दर वेळी मजुरी, आणि टायरची कड, जिला इथे बीड म्हणतात, ती प्रत्येक वेळी ताणली जाते. अख्खं चाकच बदलायचं असेल तर जॅक, पाना आणि टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) एवढ्यावर घरी काम होतं. म्हणून सतरा इंची अलॉय रिम आणि २३५/६० मापाचे हिवाळी टायर असा पूर्ण संच त्या मोठ्या दुकानातून घेतला. शनिवारी ११ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, चाकं बसली.

दुकानाने जे नीट केलं ते सांगायलाच हवं. टोयोटाच्या मूळ अलॉय चाकांना चपट्या वॉशरचे नट असतात. बाहेरच्या रिमना बहुतेक वेळा निमुळते नट लागतात. जुने नट नव्या रिमवर आवळले तर ते नीट बसत नाहीत आणि चाक सैल होऊ शकतं. दुकानाने न विचारता नवे निमुळते नट दिले आणि जुने पिशवीत घालून परत केले. बॅलन्सिंग चांगलं होतं, सत्तर मैलांच्या वेगालाही स्टिअरिंग थरथरलं नाही. तीन गुण त्याचे.

बिलावर सेन्सरच्या दोन ओळी होत्या: चार सेन्सर, प्रत्येकी ५५ डॉलर, आणि 'सेन्सर प्रोग्रॅमिंग', २० डॉलर. दुकानातून बाहेर पडले तेव्हा दिवा लुकलुकत होता. घोड्याच्या नालेसारखा आकार, मध्ये उद्गारचिन्ह. मिनिटभर लुकलुकला आणि मग पेटून स्थिर राहिला. परत आत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, वीस-तीस मैल चालवा, गाडी आपोआप शिकेल.

दिवा कसा लागतो याला अर्थ असतो आणि तो मला तेव्हा माहीत नव्हता, म्हणून इथे लिहून ठेवते. गाडी सुरू केल्यावर तो दोन-तीन सेकंद लागून विझला तर सगळं ठीक. सरळ पेटून राहिला तर कुठल्यातरी चाकात हवा कमी. मिनिटभर लुकलुकून मग पेटून राहिला तर यंत्रणाच बंद पडली आहे, गाडीला एक किंवा जास्त चाकांचा आवाज ऐकू येत नाही. आमचा दिवा रोज सकाळी हा तिसरा अर्थ सांगत होता.

वीस-तीस मैल कधीच झाले. मग अ‍ॅन आर्बरला जाऊन आलो. थँक्सगिव्हिंगला नणंदेकडे ग्रँड रॅपिड्सला गेलो, येऊन-जाऊन अडीचशे मैलांच्या वर. दिवा तसाच. मधल्या काळात दुकानात दोनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळालं, 'अजून थोडं चालवा.' दुसऱ्यांदा सांगितलं, डॅशबोर्डखालचं रीसेटचं बटण दाबून धरा. धरलं. काही झालं नाही, आणि होणारही नव्हतं.

त्या बटणाबद्दल जवळजवळ सगळ्यांचा गैरसमज असतो, म्हणून थोडं सविस्तर. प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीएवढा सेन्सर असतो. तो हवेचा दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओवरून गाडीला कळवतो. माझ्या गाडीत हे ३१५ मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपातल्या गाड्यांत ४३३ वर. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा एक क्रमांक असतो, आकडे आणि अक्षरं मिळून झालेला. गाडीच्या कॉम्प्युटरकडे चार क्रमांकांची हजेरी असते. त्या हजेरीत ज्याचं नाव नाही तो कितीही ओरडला तरी गाडी त्याच्याकडे लक्ष देत नाही, नाहीतर सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या चाकांची हवाही आपल्याला दिसली असती. रीसेटचं बटण या हजेरीला हातच लावत नाही. ते फक्त एवढंच करतं की आत्ता चाकांत जी हवा आहे ती योग्य धर आणि तिच्यापेक्षा बरीच कमी झाली तर सांग. म्हणजे नवे सेन्सर हजेरीत नसताना ते बटण निरुपयोगी, आणि हवा कमी असताना दाबलं तर चक्क घातक, कारण कमी हवाच गाडी बरोबर समजून बसते.

दुकानातला मुलगा खोटं बोलत नव्हता. काही गाड्या खरंच आपोआप शिकतात. इथल्या मराठी मंडळातली माझी मैत्रीण जनरल मोटर्सच्या मिलफर्डच्या प्रूव्हिंग ग्राउंडवर, म्हणजे गाड्या तपासायच्या मैदानावर, कामाला आहे, तिने मला तीन तऱ्हा समजावून सांगितल्या. काही गाड्या चालवता चालवता नवे सेन्सर स्वतः नोंदवून घेतात. काहींना उभ्या उभ्या शिकवावं लागतं: त्यांच्याकडच्या गाड्यांत शिकण्याचा मोड लावायचा, हातातलं छोटं यंत्र आधी पुढच्या डाव्या चाकाशी धरायचं, मग पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं, आणि प्रत्येक चाक नोंदलं गेलं की गाडी हॉर्न वाजवून पावती देते. तिसरी तऱ्हा टोयोटाची, सुबारूचीही: स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायची जागा) यंत्र जोडून नवे क्रमांक कॉम्प्युटरमध्ये लिहावे लागतात. आपोआप काही होत नाही, मग ग्रँड रॅपिड्स काय नि शिकागो काय. तिच्या नवऱ्याच्या होंडाला तर चाकात सेन्सरच नाहीत. ती गाडी एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकवेगावरून अंदाज बांधते (हवा कमी झालेलं चाक थोडं लहान होतं आणि जास्त वेगाने फिरतं), त्यामुळे मेन्यूतून कॅलिब्रेट करायचं आणि तीस ते पासष्ट मैलांच्या वेगात एकूण अर्धा तास चालवायचं, झालं.

चाकं विकणाऱ्या माणसाला समोरची गाडी यातल्या कुठल्या तऱ्हेची आहे हे माहीत असायला हवं. त्याचेच तर त्याने वीस डॉलर घेतले होते.

आता आबांबद्दल. माझे वडील एसटीत विट्याच्या डेपोत टायरच्या कामावर होते, एकतीस वर्षं. दिवाळीला आमच्याकडे आले ते बर्फ बघूनच जायचं म्हणून डिसेंबर संपेपर्यंत राहिले. पहिल्या दिवसापासून तो दिवा त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. "ह्यो दिवा काय सांगतोय गं?" मी सांगितलं, यंत्रणा बंद आहे, हवेचं काही नाही. ते म्हणाले, "बंद हाय तर हवा कमी झाली हे तुला कोन सांगनार?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गाडीत कुठल्या चाकात किती हवा आहे हे आकड्यात दिसत नाही. सगळ्यासाठी एकच दिवा. तो आधीच पेटलेला असेल तर खरी हवा गेल्यावर तो वेगळं काय करणार? ग्रँड रॅपिड्सहून परतल्यावर शनिवारी सकाळी आबांनी गेज मागून घेतला, कानटोपी घालून ड्राइव्हवेवर गेले. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांत ३५ पीएसआय हवी. तीन चाकांत ३३-३४ निघाली. थंडीने तेवढी उतरतेच. साधारण दहा अंश फॅरनहाइटला एक पीएसआय. मागच्या उजव्यात २५.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे हवा ठरलेल्या दाबाच्या पंचवीस टक्क्यांनी खाली गेली की दिवा लागायलाच हवा. पस्तीसचे पंचवीस टक्के वजा केले की सव्वीस आणि वर थोडं. म्हणजे त्या चाकाने हद्द ओलांडली होती. आय-९६ महामार्गावर, दोन पोरं, सासूबाई आणि आबा अशी सहा माणसं घेऊन आम्ही त्या चाकावर आलो होतो, आणि समोरचा दिवा आम्ही पंधरा दिवस 'तो असाच लागतो' म्हणून सोडून दिला होता.

आबांनी भांडी घासायच्या साबणाचं पाणी मागितलं. आधी टायरच्या कडेने लावलं, काही नाही. मग व्हॉल्व्हच्या मुळाशी लावलं, तिथे बारीक बुडबुडे. "टायर चांगला हाय. ह्याचं नट आवळलेलं न्हाय." सेन्सरचा धातूचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर येतो आणि त्याला रबरी वॉशर आणि बाहेरून नट असतो. तो नट नीट आवळला नव्हता. म्हणजे गळती सेन्सरच्याच कामातून आली होती.

(ही यंत्रणा इथे सक्तीची का झाली तेही सांगते, कारण पुष्कळ जण हिला कंपन्यांचा पैसे काढायचा मार्ग समजतात. २००० मध्ये फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांचं प्रकरण उघडकीला आलं, लाखो टायर परत घेतले गेले, आणि त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने ट्रेड (TREAD) अ‍ॅक्ट हा वाहनसुरक्षेचा कायदा केला. त्यातून आलेल्या नियमामुळे सप्टेंबर २००७ पासून इथे बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. कमी हवेच्या टायरची बगल सतत दुमडत राहते, तापते, आणि भरधाव असताना सुटते. आबा हे कुठलाही कायदा न वाचता सांगतात. रात्रीच्या गाडीला घाटात काय झालं होतं त्याच्या आठवणी त्यांच्याकडे आहेत.)

त्या शनिवारी आबांनी नट हलक्या हाताने आवळला, हवा ३५ केली आणि रोज सकाळी गेज लावू लागले. डीलरला फोन केला तर त्यांनी सांगितलेला आकडा ऐकूनच फोन ठेवला. मग मैत्रिणीने ग्रँड रिव्हर अव्हेन्यूवरच्या गॅरेजचं नाव दिलं आणि बुधवारी २९ नोव्हेंबरला आम्ही गेलो.

दोन लिफ्ट, एक मालक, एक मदतनीस, बसायला तीन खुर्च्या आणि एक हीटर. मालकाने फोनवरच सांगितलं होतं की उन्हाळी चाकंही घेऊन या. सिएनाच्या मागच्या सीट जमिनीत दुमडतात, त्यामुळे चारही चाकं आत मावली. आबा सोबत होते.

त्याने पहिल्यांदा कुठेही पाना लावला नाही. हातात ऑटेलचं टीएस५०८ नावाचं यंत्र होतं, जाड टीव्ही रिमोटसारखं. गाडीचं वर्ष आणि मॉडेल निवडलं आणि ते पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरलं. हे यंत्र कमी फ्रिक्वेन्सीचा इशारा देऊन झोपलेल्या सेन्सरला उठवतं, आणि सेन्सर आपला क्रमांक, दाब, तापमान, बॅटरी सगळं सांगतो. पडदा त्याने आम्हाला दाखवला. पहिलं चाक बोललं. दुसरं, तिसरं बोललं. मागचं उजवं, तेच गळणारं, गप्प. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग सेटिंग बदललं आणि ते बोललं: ४३३ वर. चारपैकी एक सेन्सर भलत्याच फ्रिक्वेन्सीचा होता. तो हजेरीत असता तरी माझ्या गाडीला कधीच ऐकू आला नसता.

मग त्याने यंत्राची केबल ओबीडी सॉकेटला जोडली आणि कॉम्प्युटरमधले चार क्रमांक वाचले. नव्या चाकांतला एकही त्यात नव्हता. 'प्रोग्रॅमिंग' या ओळीखाली काहीही झालेलं नव्हतं. त्याने हे सगळं एका कागदावर हाताने लिहून दिलं, डावीकडे गाडीतले क्रमांक, उजवीकडे चाकांतले. तो कागद मला नंतर फार उपयोगी पडला.

पुढे काय करायचं याचे दोन मार्ग त्याने सांगितले, आणि दोन्हींतले खर्च सांगितले, हे मला सगळ्यात आवडलं. एक: चुकीचा सेन्सर बदलायचा आणि नवे चार क्रमांक गाडीत लिहायचे. आज स्वस्त. पण एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं चढवली की गाडी पुन्हा बहिरी, पुन्हा गॅरेज, मग नोव्हेंबरात पुन्हा. आमच्या गाडीत दोन संच लक्षात ठेवायची सोय नाही. दोन: नवे कोरे सेन्सर घ्यायचे आणि त्यांच्यावर जुन्याच सेन्सरचे क्रमांक उतरवायचे. मग गाडीला चाकं बदलली हे कळतच नाही. आज जास्त खर्च, पुढे शून्य. मी विचारलं, दोन संचांचे क्रमांक सारखेच, मग तळघरातली चाकं मध्येच बोलणार नाहीत का? तो म्हणाला, चाक फिरत नसलं की सेन्सर झोपून राहतात, बॅटरी वाचवायला. आणि तळघरातून ड्राइव्हवेपर्यंत त्यांचा आवाज पोचणं कठीणच.

आम्ही दुसरा मार्ग घेतला. मदतनीसाने चारही टायरची एक कड सोडवली, जुने सेन्सर काढले. मालकाने उन्हाळी चाकं एकेक करून वाचली. तीन ठणठणीत. चौथ्याने क्रमांक सांगितला, पण बॅटरी 'लो' दाखवली. या सेन्सरची बॅटरी आत डिंकासारख्या पदार्थात बंद केलेली असते, बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षं चालते, आणि आमची गाडी आठ वर्षांची. तो म्हणाला, हा हिवाळा तळघरात काढेल, एप्रिलमध्ये या, तेव्हा बघू. आजच बदलून घ्या म्हणाला नाही.

क्रमांक उतरवायचं काम पाहण्यासारखं होतं. कोरा एमएक्स-सेन्सर बाकीच्यांपासून लांब, टेबलाच्या टोकाला ठेवायचा, यंत्र जवळ न्यायचं, काही सेकंदांत क्रमांक उतरला. लगेच परत वाचून जुळवायचा, रिमवर खडूने खूण करायची. आबा त्याच्या शेजारी उभे राहून प्रत्येक क्रमांक कागदाशी पडताळत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण चौथ्या चाकाला मालकाने यंत्र सरळ आबांच्या हातात दिलं आणि बटण दाबायची खूण केली.

एमएक्स-सेन्सरबद्दल आता. एकाच सेन्सरमध्ये ३१५ आणि ४३३ दोन्ही असतात, त्यामुळे चुकीची फ्रिक्वेन्सी हातात यायचा प्रश्न मिटतो. जवळजवळ सगळ्या गाड्यांची भाषा त्यात भरता येते. रबरी आणि धातूच्या अशा दोन्ही व्हॉल्व्हसह मिळतात. अर्धा गुण कापला तो एवढ्यासाठी की पेटीतून निघताना ते पूर्ण कोरे असतात. ऑनलाइन घेऊन कुणाही टायरवाल्याकडून बसवून घेतले तर काहीही होणार नाही. ते यंत्र असलेला आणि ते वापरता येणारा माणूस हवाच. कोरा सेन्सर घेणाऱ्याने आधी माणूस शोधावा, मग सेन्सर.

मालकाने आम्हाला रबरी व्हॉल्व्हचे घ्या असं सुचवलं. मिशिगनमध्ये रस्त्यावर इतकं मीठ टाकतात की धातूचे व्हॉल्व्ह काही हिवाळ्यांत गंजून तुटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळेची किंवा कुठलीही धातूची टोपी लावली तर ती चिकटून बसते आणि काढताना व्हॉल्व्हच मोडतो. प्लास्टिकची टोपीच हवी. आबांनी मान हलवली. कोकणातून येणाऱ्या गाड्यांचे नट कसे गंजून बसायचे ते त्यांनी मला तिथेच सांगितलं, आणि मी मालकाला.

चाकं चढवताना नट टॉर्क रेंचने ७६ फूट-पाउंडला आवळले, ताऱ्याच्या क्रमाने, आणि पन्नास मैलांनंतर पुन्हा तपासा म्हणून सांगितलं. हवा चारही चाकांत ३५. मग, आणि तेव्हाच, रीसेटचं बटण: दिवा सावकाश तीनदा लुकलुकला. बटणाची खरी वेळ ही.

गॅरेजातून निघालो तेव्हा दिवा अजून पेटलेला होता. मी काही बोलले नाही. हॅगर्टी रोड ओलांडला, दुसऱ्या सिग्नलला थांबलो, पुन्हा निघालो आणि तो गेला. आबा म्हणाले, "गेला बघ." घर येईपर्यंत आम्ही दोघं तिकडेच बघत होतो.

बिल: चार सेन्सर प्रत्येकी ४२ डॉलर, उतरवणं-चढवणं-बॅलन्सिंग चाकामागे २२, करासकट एकूण २६६ डॉलर. क्रमांक वाचायचे आणि उतरवायचे वेगळे पैसे नाहीत. मोठ्या दुकानात मी हाताने लिहिलेला कागद आणि काढलेले चार सेन्सर घेऊन गेले. व्यवस्थापकाने कागद वाचला, आत जाऊन आला आणि सेन्सर, प्रोग्रॅमिंग दोन्हींचे पैसे परत केले. माफीही मागितली. हे त्यांच्या खात्यावर नोंदवते, पण सैल नट आणि चुकीचा सेन्सर एकाच चाकात निघाल्यावर गुण वाढवणं मला पटत नाही.

ज्यांच्याकडे तीन-चार गाड्या आहेत त्यांनी ते यंत्रच घ्यावं का? टीएस५०८ काहीशे डॉलरचं आहे, एका गाडीसाठी परवडत नाही. आमच्या मंडळातल्या तीन घरांनी मिळून घेतलंय आणि नोव्हेंबर-एप्रिलमध्ये ते घरोघरी फिरतं. लहान टीएस४०८ ही मिळतं, पण ते ओबीडीला जोडता येत नाही. टोयोटावाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझा भाऊ कोथरूडला राहतो. त्याने हे ऐकून नव्या अलॉयचा बेत दोन आठवडे पुढे ढकलला, कारण त्याच्या गाडीत सेन्सर चाकात आहेत की एबीएसवर, हेच त्याला दुकानदाराला सांगता येईना. तिकडे हा प्रश्न आता महत्त्वाचा होत चाललाय. २०२० च्या मोटार वाहन नियमांच्या दुरुस्तीनंतर पंक्चरचं किट आणि ही यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनी देणं कंपन्यांवर बंधनकारक नाही. डिकीत स्टेपनी नाही आणि नव्या अलॉयमुळे दिवाही आंधळा, अशा गाडीने रात्री खंबाटकी उतरायची माझी तयारी नसेल. त्याला मी तीन प्रश्न लिहून पाठवले: सेन्सर कुठे आहेत, जुनेच नव्या रिममध्ये बसतील का (रिमच्या आतला आकार वेगळा असेल तर कधी कधी बसत नाहीत), आणि नवे घ्यावे लागले तर क्रमांक कोण लिहिणार, कशाने. तिसऱ्याला उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नकोस, असंही लिहिलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी चाकं आम्ही घरीच चढवली. अपेक्षेप्रमाणे दिवा लुकलुकला. तळघरातल्या त्या चौथ्या सेन्सरने जीव सोडला होता. गॅरेजच्या मालकाने नोव्हेंबरचे क्रमांक वहीत जपून ठेवले होते. नाव सांगितलं, पान उघडलं, नव्या सेन्सरवर तोच क्रमांक उतरवला, पाऊण तासात बाहेर. आबा तोवर विट्याला परतले होते. दिवा विझलेल्या डॅशबोर्डचा फोटो त्यांना पाठवला.

उत्तर आलं, "हवा किती हाय?"

ड्राइव्हवेवर जाऊन गेज लावला आणि त्यांना कळवलं. चारीत पस्तीस.